आमचे स्वार्थी सर

सर कुणालाही स्वतःची ओळख करून देताना नाव, गाव, विषय सांगून झाले की शेवटी एक वाक्य हमखास जोडायचे, "आन मी जरा स्वार्थी माणूस हाय, सांभाळून घ्या." मी शाळेत नवा रुजू झालो तेव्हा मलाही त्यांनी हेच ऐकवलं. मी मनात म्हटलं, चला, निदान एक तरी खरं बोलणारा माणूस भेटला. त्याच संध्याकाळी कळलं, की माणूस एक नंबरचा खोटारडा आहे.

आमची शाळा जिंतूरच्याही पुढं, एका आडवळणाच्या खेड्यात. घरं मात्र दोघांचीही परभणीला. म्हणजे रोजचं अपडाऊन. सकाळी परभणीहून एसटीनं झरीवरून जिंतूर, तिथून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन शाळा, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट्या बाजूनं. मी दोन वर्षांत बेजार झालो होतो. सरांना अठरा वर्षं झाली होती. बदलीचा अर्ज भरायचा, यादीची वाट बघायची, यादीत नाव नाही म्हणून उसासा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाची गाडी पकडायची. परभणीतल्या एखाद्या शाळेवर बदली व्हावी एवढंच आम्हा दोघांचं मागणं होतं. माझ्या मागण्याला तेवढी घाई होती. माझ्या बायकोचं बाळ दोनदा पोटातच गेलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पुढच्या खेपेला घरात जवळ माणूस पाहिजे. आमच्या घरात माणूस म्हणजे मी एकटा, आणि मी दिवसाचे बारा तास घराबाहेर.

जिंतूरच्या स्टँडवर संध्याकाळी परभणीची गाडी लागताना काय होतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. गाडी थांबायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. मी एकदा चप्पल पडलेली पाहिली आहे. ज्याचा रुमाल त्याची सीट, हा तिथला कायदा. सर उंच, हात लांब, नेम पक्का. एका दमात चार खिडक्यांतून चार रुमाल टाकायचे. पहिल्या दिवशी मी खूश झालो. म्हटलं, चार धरल्यात, एक तर आपली. धक्के खात आत शिरतो तर सर दारात उभं राहून हाका मारायलेत, "ओ माय, गठुडंवाल्या, इकडं या, तुमची सीट हाय! ओ मामा, पायाला पट्टी बांधलेले, तुमी कुठं निघाले? या या!" चारही जागा वाटून झाल्या. मग सर दांडीला लोंबकळले आणि त्यांच्या शेजारी मी लोंबकळलो, ते थेट परभणीपर्यंत.

गठुडंवाली म्हातारी खमकी होती. तिनं आधी विचारलं, "सीटचे किती घ्यायलेत?"

"काईच न्हाई माय."

"मग कामून धरली?"

"शौक हाय मला."

म्हातारी झरी येईपर्यंत गठुडं पोटाशी घट्ट धरून सरांकडं संशयानं बघत होती. झरीला उतरताना मात्र कनवटीला हात घालून दोन बोरं काढली आणि सरांच्या हातावर ठेवली. सरांनी त्यातलं एक मला दिलं. किडकं निघालं, ती गोष्ट वेगळी.

आठ दिवस मी सहन केलं. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "सर, दिवसभर पोरांपुढं उभं राहायचं, परत गाडीत उभं राहायचं. तुमचे गुडघे हायत का लोखंडाचे रूळ?"

सर म्हणाले, "मला सांगा, सीट भेटली की तुमाला किती वेळ बरं वाटतं?"

"झरीपर्यंत."

"पुढं?"

"पुढं झोप लागते."

"मला परभणीपर्यंत बरं वाटतं. घरी गेल्यावर जेवताना बी वाटतं. आता फायद्यात कोण राहिलं? म्हणून तर म्हणतो, मी स्वार्थी माणूस हाय."

मी माझा वेगळा रुमाल घेऊन वेगळी खिडकी गाठायला लागलो. माझा नेम चुकायचा.

सर ख्रिस्ती होते. आमच्या शाळेत ते एकटेच. पण धर्माचं म्हणून त्यांनी कधी कुणाला एक वाक्य ऐकवलं नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "ते काम पाळकसाहेबांचं. माझा आवाज बेसूर हाय." त्यांचा धर्म दिसायचा तो फक्त दुपारी, डबा उघडल्यावर. झाकण काढायचे, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात प्रार्थना करायचे. आता खरं सांगतो. त्यांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायची, आणि आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. सरांचे डोळे मिटले की माझा हात जायचा. एक बोट, फार तर दोन. त्यांची प्रार्थना जरा लांबली की आमचे हेडमास्तरही हात मारायचे. मग सर मोठ्यानं खाकरायचे, खणखणीत आवाजात "आमेन" म्हणायचे आणि सावकाश डोळे उघडायचे. तोवर आम्ही सगळे आपापल्या डब्यात मान घालून बसलेले. हे वर्षभर चाललं. पुढं एकदा काकूंनीच, म्हणजे सरांच्या मिसेसनी, मला विचारलं, "चटणी पुरायली ना सर? हे म्हणले, प्रार्थना लांबवायलो पण तीन-चार जणांचं भागंना, जरा जास्त देत जा." मी ओशाळून जमिनीकडं बघायला लागलो. काकूंनी वर एक बरणी भरून दिली. ती मी दोन दिवस स्कूटरच्या डिकीत लपवून ठेवली होती.

काकू म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं, त्याविषयी ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. काकूंचं सगळं आयुष्य नवऱ्यापासून घरातल्या वस्तू वाचवण्यात गेलं. कपाटाला कुलूप, किल्ली पोलक्यात. चादरी घ्यायच्या तर तीन घ्यायच्या, कारण एक जाणारच. सरांचे रुमाल काकूच शिवायच्या, तेही जुन्या उशांच्या अभ्र्यांचे, कारण निम्मे रुमाल सीटसकट जायचे. त्यामुळं पावणेसहा फुटांचा हा गणिताचा मास्तर गुलाबी फुलांच्या रुमालानं घाम पुसायचा. काकू त्यांना उभं-आडवं बोलायच्या. "प्रभूनं सोताला एक बी सदरा ठेवू नको म्हणलं होतं का हो?" सर गालात हसत ऐकून घ्यायचे. एकदा काकू बोलता बोलता दमल्या तेव्हा सरांनी त्यांना पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "झालं का, का हाय अजून?"

सरांचा एक दुर्गुण मात्र होता, आणि तो मी झाकणार नाही. स्वतःचं संपलं की ते दुसऱ्याचं द्यायचे.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी जिंतूरला आम्ही काळीपिवळीची वाट बघत होतो. थंडी अशी की कान हातात घेऊन फिरावं. मी नवा कोरा स्वेटर घातला होता, बायकोनं विणलेला, निळा, छातीवर बदामाची नक्षी. टपरीवर चुलीजवळ गरम व्हायला लागलं म्हणून काढून बाकावर ठेवला आणि चहाचा ग्लास घेतला. वळून बघतो तर स्वेटर चाललाय. रस्त्याच्या पलीकडं, मेंढरांच्या मागं मागं, एका म्हाताऱ्या धनगराच्या अंगात.

"सर! माझा स्वेटर!"

"हो," सर म्हणाले. "माझा कालच देऊन झाला होता ना."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिवसभर बोललो नाही ते वेगळंच. घरी बायको दोन दिवस बोलली नाही, ते त्याहून वेगळं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला स्वतःचा कोट आणून दिला, लग्नातला, काळा, डांबरगोळ्यांचा वास येणारा. बाह्या माझ्या बोटांच्याही खाली. पोरं म्हणाली, सर, तुमी वकील झाले का?

पण गंमत पुढंच आहे. तो धनगर आमच्याच रस्त्यानं मेंढरं न्यायचा. दिसला की लांबून काठी वर करायचा आणि ओरडायचा, "मास्तर, लय ऊब हाय बरं का!" सर लगेच माझ्याकडं बोट दाखवायचे, "माझा न्हाई, ह्या सरांचा हाय!" मग तो माझ्याकडं वळून दोन्ही हात जोडायचा. पहिल्यांदा मी तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा नुसतीच मान हलवली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं, की तो वळणावर दिसतो का म्हणून मी काळीपिवळीच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघायलोय. जे मी दिलंच नव्हतं त्याचं सुख मी फुकटात खात होतो. हे बायकोला सांगितल्यावर ती हसली, आणि तिनं पुन्हा निळी लोकर आणली. ह्या खेपेला बदाम नव्हता.

दिवाळीनंतर त्यांच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. एकदा सर मला घेऊन गेले. ज्याच्या शेतात, परसात, घरात जे काही पिकतं ते देवाला म्हणून आणायचं, आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. सोयाबीनची पोती, कोंबड्या, पपया, लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या घरचा केक. एका म्हातारीनं परसातला भोपळा आणला होता, लाल, मांडीवर मावणार नाही असा. बायकोनं भोपळा सांगितलाच होता, म्हणून मी बोली लावली. माझ्या समोरचा गडी वाढवत गेला तशी मलाही ईर्षा चढली. शेवटी मिळाला. काखेत मारून मी ऐटीत फाटकाकडं निघालो तर सगळी मंडळी माझ्याकडं बघून हसायला लागली. सर पळत आले.

"भोपळा कुठं न्यायलेत?"

"घरी."

"घरी न्यायला बाजार हाय की! आमच्यात घेतलेलं परत टेबलावर ठेवतात. पुन्हा बोली होती."

"मग मी घेतलं काय?"

"ठेवून तर बघा."

मी नाइलाजानं ठेवला. तोंड वाकडं करूनच ठेवला. भोपळा पुन्हा विकला गेला, पुन्हा टेबलावर आला, परत विकला गेला. सहा वेळा. ती भोपळेवाली म्हातारी पायरीवर बसली होती. दर खेपेला ती टाळ्या वाजवायची आणि शेजारणीला सांगायची, "माझाच हाय त्यो." चर्चचे गळके पत्रे बदलायचे होते. म्हातारी म्हणाली, "बघा, माझ्या भोपळ्यानं देवाचं घर शिवलं." मी हात हलवत घरी आलो, आणि काय सांगू, चर्चपासून घरापर्यंत शीळ घालत आलो. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "झोप कशी लागली?"

"चांगली लागली."

"लागणारच. तुमाला बी व्यसन लागायलंय."

मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं तर ते चिडले. आभारांची त्यांना भारी चीड. "झालं! घालवली मजा. तुमी थँक्यू म्हणले की तुमचं-माझं फिटलं. मग मला काय उरलं?" असं म्हणून ते तासावर निघून गेले.

त्या वर्षी उन्हाळ्यात बायकोला पुन्हा दिवस गेले. चौथ्या महिन्यातच डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, वाकायचं नाही. मी सकाळी पाण्याचा तांब्या, डबा, मोबाईल तिच्या उशाशी मांडून साडेपाचला घर सोडायचो आणि दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. वर्गात फोन वाजला की खडू हातातून पडायचा.

अशात यादी लागली. संध्याकाळी जिंतूरच्या स्टँडवर असतानाच मोबाईलवर आली. सरांचं नाव होतं. परभणीतली शाळा, त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटं. माझं नाव नव्हतं. मी तीनदा खालून वर बघितलं, नव्हतंच.

सर यादीकडं बघतच राहिले. गाडी लागली, त्यांनी सवयीनं रुमाल टाकला, आत गेले, आणि त्या रुमालावर बसले. स्वतः बसले! दोन वर्षांत मी त्यांना एसटीत बसलेलं पाहिलं नव्हतं. खिडकीला डोकं लावून ते बाहेर बघत होते, आणि चेहरा असा की कुणीतरी खांद्यावरचं ओझं काढून घेतलंय. कुणी म्हातारीकोतारी चढली का, हेसुद्धा त्यांनी बघितलं नाही. मी शेजारी उभा. मला त्यांचा आनंद बघवेना. मी म्हणालो, "काय सर, तुमची वळख पार वरपर्यंत हाय. आमचे देव खालच्या ऑफिसातले."

ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी कशा हायत?"

"हायत आपल्या. आता देवाच्याच भरवशावर," मी म्हणालो, आणि मुद्दाम पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागं उभा राहिलो.

पुढच्या तीन दिवसांत सर दोनच दिवस शाळेत आले, आणि तेव्हाही कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस बदलला. बदली झाली की बदलतातच. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी अंगणात कपडे वाळत घालत होतो तर सर आणि काकू फाटकात. सरांच्या अंगात चर्चला जायचे कपडे, हातात कागद.

"सही करा," सर म्हणाले.

कागद आपसी बदलीचा होता. दोन मास्तरांनी राजीखुशीनं एकमेकांच्या जागा घ्यायच्या, तशी सोय असते. सरांच्या परभणीच्या जागेवर मी आणि माझ्या खेड्यातल्या जागेवर सर. म्हणजे ते होते तिथंच राहणार, निवृत्तीपर्यंतची उरलेली चारही वर्षं. सरांनी स्वतःची सही आधीच केली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वतःच्या आनंदासाठी.'

माझ्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला. मी म्हणालो, "मला कुणाची मेहरबानी नको. अठरा वर्षं थांबलात तुमी. ठेवा ते."

"ठेवून बघितलं की," सर म्हणाले आणि पायरीवर बसले. "तीन दिवस ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कायतरी घट्ट धरलं. लय बरं वाटलं हो, पहिल्या दिवशी. मग रात्री प्रार्थनेला बसलो तर शब्दच येईनात. ज्यानं सोताचा जीव सुदिक ठेवला न्हाई, त्याच्यापुढं मी एक शाळा मुठीत धरून बसलेलो. लाज वाटली सर. मन म्हणतंय, अठरा वर्षं उभा राहिलास, आता बस की. अन् बसवंना."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ह्या माणसालाही देणं जड जातं. आजवर मला वाटायचं, त्याला काही हवंच नसतं. ती बदली त्याला हवी होती. माझ्याइतकीच हवी होती.

मी काकूंकडं बघितलं. म्हटलं, ही बाई तरी अडवेल. पन्नास रुपयांच्या चादरीसाठी कपाटाला कुलूप लावणारी बाई. मी म्हणालो, "काकू, तुमी तरी सांगा ह्यांना."

"मीच आणलंय त्यांना," काकू म्हणाल्या. "अठरा वर्षं मी म्हणायले, एक दिवस ह्यांना दुपारी घरी बसवून गरम भाकर वाढीन. बदली झाली, वाटलं, ऐकलं बाई देवानं. शुक्रवारी सुट्टी काढून घरी थांबले, मी भाकर टाकली, तर हे ताटाकडं बघत बसले. निसतं बसले. असलं तोंड घेऊन बसलेल्या माणसाला रोज गरम भाकर वाढून मला काय सुख? मीच म्हणले, जा, अन् देऊन या एकदाचं. संगं आले, वाटेत मन फिरायला नको म्हणून."

"पण काकू, तुमचं काय?"

"माझं काय? मला घरात हसणारं माणूस पायजे. रडकी दुपार घेऊन मी काय करू?"

मी तरीही कागदाला हात लावला नाही. ताठा, दुसरं काय. तेवढ्यात आतल्या खोलीतून, पलंगावरून, बायकोचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. "अहो, सही करा," ती म्हणाली. "मला एकटीला लय भ्या वाटतं." चार महिन्यांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मला काळजी नको म्हणून रोज 'मी बरी आहे' म्हणायची. मी सरांच्या मांडीवर कागद ठेवला, सही केली आणि तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडलो. काकूंनी वाळत घालायचे उरलेले कपडे दोरीवर टाकले. सर म्हणाले, "चला, उपासनेला उशीर होतोय," आणि फाटकातून बाहेर पडताना ते चक्क गाणं म्हणायला लागले. आवाज खरंच बेसूर होता.

ऑफिसातल्या क्लार्कनं कागद बघून चष्मा कपाळावर चढवला. "स्वतःच्या आनंदासाठी? तुमी गावातून खेड्यात जायलेत ना? का उलटं लिहिलं?"

"बरोबर लिहिलंय," सर म्हणाले.

"असं चालत न्हाई गुरुजी. कौटुंबिक कारण लिहा."

सरांनी थोडा विचार केला आणि लिहिलं. क्लार्कनं विचारलं, कुणाचं कुटुंब? सरांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. क्लार्कनं आमची दोन वेगळी आडनावं वाचली, मान हलवली आणि शिक्का मारला.

सातव्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, पोरं जेवायला सुटली असताना फोन आला. बायकोला नीट बोलता येत नव्हतं. मी शाळेतून धावत सुटलो आणि सातव्या मिनिटाला घरात होतो. रिक्षा, दवाखाना, आत नेलं, दार लागलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी एकीलाही मी तुम्हाला देऊ शकले नसते." दोघी म्हटल्यावर मला कळलं, मुलगी झाली. पोरगी तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, माझ्या तळहाताएवढी. रोज संध्याकाळी सर जिंतूरहून उतरले की तसेच धुळीचे दवाखान्यात यायचे, काचेबाहेर उभं राहून डोळे मिटायचे आणि जायचे. ती प्रार्थना लांबायची, आणि आमच्यापैकी कुणाचा हात त्या वेळी कुठंही जात नव्हता.

सर पुढं त्याच खेड्यातल्या शाळेतून निवृत्त झाले. आता दोघंही काकूंच्या माहेरी राहायला गेलेत. फोनवर आवाज तोच, हसणं तेच. पण सर म्हटलं की मला आठवतो तो पोरीला पेटीतून बाहेर काढलं तो दिवस. नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून बायकोच्या आधी, चुकून म्हणा, सरांच्याच हातात दिली. सर दोन्ही पंजे ओंजळीसारखे करून उभे. श्वास घ्यायलेत का नाही, कळेना. मी धीर करून म्हणालो, "सर, आज तुमी चिडा, पण मी म्हणणारच. तुमच्यामुळं..." ते चिडले नाहीत. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

काकूंनी पदर खोचला आणि हात पुढं केला. "आना इकडं. अन् तुमी बी ध्यानात ठेवा बरं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांच्याजवळ लेकरू जास्त वेळ ठेवायचं न्हाई. वाटेत कुणी मागितलं तर देऊन टाकतील."

बायको टाक्यांवर हात दाबून हसली. नर्स हसली, मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी काकूंकडं पाठ केली, कोपरं अंगाशी घेतली आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "न्हाई. ही मी कुणालाच देत नसतो."

काकूंचा पुढं केलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो सरांच्या पाठीवर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

तासाभरानं पोरीला भूक लागली. ती रडायला लागली, तेव्हा कुठं सरांनी तिला माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवलं. तेही लगेच नाही. आधी खाली वाकले, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं ते विचारलं, "परत द्याल ना?"